शेरूसह घर पाहिजे

कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात भाड्याने घर शोधणाऱ्याला पहिला प्रश्न भाड्याचा विचारत नाहीत. पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावावरून उलगडा झाला नाही तर 'मूळ गाव कोणते', 'खाता-पिता काय'. एवढ्या चाळणीतून जो खाली उतरतो त्याच्यासाठी शेवटचा प्रश्न राखून ठेवलेला असतो : घरात कुत्रे-मांजर आहे काय? एजंट लोक मोबाईलवर जाहिराती पाठवतात, त्यांत 'ओन्ली व्हेज' आणि 'नो पेट्स' एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेले असतात. गेल्या वर्षी पाच आठवडे वाचून वाचून त्या जाहिराती आम्हाला पाठ झाल्या.

झाले असे, की कल्याण पूर्वेला आम्ही एकवीस वर्षे ज्या इमारतीत राहत होतो ती धोकादायक ठरली आणि पावसाळ्यापूर्वी रिकामी करण्याची नोटीस लागली. बिऱ्हाडे चोवीस. शेजारच्या दोन इमारतींनाही तीच नोटीस. म्हणजे एकाच महिन्यात, एकाच भागात, साधारण सारख्या पगाराची सत्तर-पंच्याहत्तर कुटुंबे एका खोली-स्वयंपाकघराच्या मागे धावू लागली. मार्चमध्ये साडेसात हजारांना मिळणारी खोली मे महिन्यात दहा हजारांवर गेली, डिपॉझिट पंचवीसचे पन्नास झाले. सकाळी पाहिलेली खोली दुपारी ऑफिसातून फोन करेपर्यंत गेलेली असे. एका खोलीवर आठ गिऱ्हाईके उभी असली की मालकाला नाकारायला कारण लागत नाही. लागलेच तर सगळ्यात सोयीचे कारण आमच्याबरोबर चार पायांवर चालत होते.

शेरू हा आमचा गावठी कुत्रा. मुलगी तिसरीत असताना तिने तो गटाराच्या कडेवरून उचलून आणला. आता ती बारावीला आहे. आम्ही उभयता नोकरीवर, मुलगी कॉलेजात, घरी फक्त आमच्या मातोश्री. त्यांना कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. दारावर कोणी आले, कुकरची शिट्टी झाली, नळाला पाणी आले की शेरू उठून त्यांच्या पदराला नाक लावतो. हे त्याला कोणी शिकवलेले नाही. दिवसभर म्हातारे माणूस घरात एकटे ठेवून कामावर जाणाऱ्यांना याची किंमत कळेल.

एकूण एकोणीस घरे पाहिली. नकार दोन जातीचे असतात, हे त्यात शिकलो. एका मालकाने स्वच्छ सांगितले, "आमच्या सासूबाईंना दमा आहे, त्या शेजारच्याच खोलीत असतात, केसांचा त्रास होईल." त्यांनी चहा पाजला आणि दुसऱ्या एका घराचा पत्ताही दिला. त्या माणसाविषयी आमच्या मनात काही नाही. दुसरे एक गृहस्थ शेरूची सगळी माहिती हसत ऐकून घेत होते, त्यांच्या लहानपणीच्या कुत्र्याच्या आठवणी सांगत होते. मग त्यांनी आधारकार्ड मागितले. कार्डावरचे आडनाव वाचले, मुलीच्या गळ्यातल्या साखळीतील निळे पदक पाहिले आणि म्हणाले, "तसं काही नाही हो, पण सोसायटीत कुत्रं चालत नाही." चार दिवसांनी आमच्या सौ.नी त्याच घरासाठी दुसऱ्या एजंटामार्फत फोन केला. कुत्र्याचा विषयच निघाला नाही. आडनाव सांगताच खोली गेली असल्याचे कळले. ती खोली पुढे महिनाभर जाहिरातीत होती.

शेरूला आडनाव नाही, पण आमचे आडनाव झाकायला लोकांनी त्याचा वापर केला. असो.

एजंटाचा सल्ला दोन्ही बाबतींत सारखाच होता. आडनावाऐवजी गावाचे नाव लावा, आणि कुत्रे नंतर हळूच आणा. नाहीच जमले तर कुठेतरी सोडून द्या. बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि सामान उचलावे लागले. आपल्या घराघरात ठाऊक असलेली ही हकीकत. तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आज आपल्यापुढे, अवघड का होईना, मार्ग आहे. मग लपून कशाला राहायचे? शिवाय लपवलेले कुत्रे भुंकते.

आणि 'सोडून द्या' या सल्ल्याबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ नुसार, रास्त कारण नसताना जनावर उपाशी-तहानलेले तडफडेल अशा रीतीने सोडून देणे हा गुन्हा आहे. सजीवांविषयी करुणा बाळगावी हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून संविधानाच्या कलम ५१-क मध्ये लिहिलेले आहे. (हे कलम १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले, हे आम्ही कारकुनी सवयीने नमूद करतो.)

विहारात रविवारच्या वंदनेनंतर हा विषय निघाला तेव्हा एक जुने कार्यकर्ते, आम्ही त्यांना काकाच म्हणतो, रागावून बोलले, "चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना मोकळीक होती, पाणी नव्हतं ते आपल्याला. २० मार्च १९२७ विसरलास का? आणि आता तू कुत्र्यापायी हाती आलेली घरं घालवतोस?" काकांचा राग आम्हाला समजतो. कुत्र्याचा लाड आणि माणसाचा विटाळ, हे दोन्ही एकाच घरात आपण पाहिलेले आहे. आजही उंची कुत्री मोटारीतून फिरवणारी घरे मोलकरणीला वेगळा कप देतात. परंतु तळ्याचे भांडण जनावरांशी नव्हते. आम्ही हे सांगायच्या आत मातोश्रीच बोलल्या. काका अगदी कानाशी ओरडून बोलले होते, म्हणून त्यांना ऐकू गेले असावे. "म्हातारं माणूस नको म्हणून बी दोन मालकांनी परत लावलं. मग मला बी हितंच ठेवून जायचं का?" काका हसले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनीच विठ्ठलवाडीच्या एका बाईंचा पत्ता आणून दिला.

त्या बाई निवृत्त परिचारिका. त्यांनी आडनाव विचारले नाही. विचारले ते कुत्र्याचे वय, नसबंदी झाली काय आणि रात्री भुंकतो काय. म्हणाल्या, "घेऊनच या त्याला." आम्ही संध्याकाळी फिरवून, दमवून मग शेरूला नेले. बरोबर फाईल नेली : रेबीजच्या दरवर्षीच्या लसीची नोंद असलेले पुस्तक, नसबंदीचा दाखला, महापालिकेचा परवाना, आणि जुन्या इमारतीतल्या तीन शेजाऱ्यांनी सही केलेले पत्र की नऊ वर्षांत तक्रार नाही. हे पत्र त्यांनी दोनदा वाचले. आम्ही आपणहून पाच हजार जादा डिपॉझिट देऊ केले, दार-फरशीचे नुकसान झाल्यास कापून घ्यावे म्हणून. भाडे मात्र वाढवू दिले नाही, कारण डिपॉझिट परत येते, भाडे येत नाही. पहिल्या दिवशी दारे, ओटा, फरशी यांचे फोटो काढून दोघांच्याही मोबाईलवर ठेवले.

करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, रीतसर नोंदणी करून. आपली माणसे हजार-दीड हजार वाचवायला साध्या स्टॅम्प पेपरवर सह्या करतात, ते करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणे ही मालकाची जबाबदारी आहे. नसेल तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. करारात एक ओळ घालून घेतली : 'भाडेकरूसोबत एक पाळीव कुत्रा राहील, यास मालकाची संमती आहे.' तोंडी 'चालेल हो' अकरा महिने टिकत नाही. मालकाने मुळातच कुत्र्याला नाही म्हटले तर मात्र खोली दिलीच पाहिजे असा कायदा नाही, हेही लक्षात ठेवावे.

सोसायटीचे तसे नाही. सामान चढवत असतानाच सेक्रेटरी आले आणि म्हणाले, "कमिटीचा ठराव आहे, कुत्रा आणता येणार नाही." भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टचा वेगळा आकार मागता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. त्याच सूचना पाळणाऱ्यालाही बांधतात : पट्टा लावावा, घाण आपण उचलावी, शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नये. आम्ही एक प्रत सेक्रेटरींना पोचपावती घेऊन दिली. पोचपावती मागितल्यावर त्यांचा आवाज खाली आला. भांडण झाले नाही. मुलगी रोज सकाळी जुनी वर्तमानपत्रे घेऊन शेरूच्या मागे जाते हे त्यांना खिडकीतून दिसते.

जुन्या इमारतीतले एक काम मात्र राहून गेले आहे. चोवीस बिऱ्हाडे गेली, जिन्यावरची तीन मांजरे तिथेच राहिली. त्यांना खाऊ घालणारी माणसे डोंबिवलीपासून टिटवाळ्यापर्यंत पांगली. प्रत्येकाच्या नव्या मालकाची अट तीच. आम्ही ऑफिसहून येताना वाट वाकडी करून त्यांना भात-सुकट टाकत असू. दोन मांजरांना घरे मिळाली, एक अंबरनाथला, एक विहाराच्या शेजारी. तिसरे, तांबड्या रंगाचे, डावा कान अर्धा तुटलेला, अजून पायरीवर बसते. इमारत पाडायची तारीख जवळ आली आहे. वाचकांपैकी कोणाचे स्वतःचे घर असेल आणि घरात उंदरांचा उपद्रव असेल, तर त्यांनी साप्ताहिकाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. मांजर आम्ही स्वतः घरपोच आणून देऊ; लस देऊन झाली आहे.