राहून गेलेली चार वचनं

गेल्या डिसेंबरात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्या दिवसांत डब्लिनला साडेआठपर्यंत उजाडत नाही, त्यामुळे सकाळचं वाचन दिव्याखाली. खाडा करणारा मी नव्हे. शनिवारच्या वर्गात नुकतीच जोडाक्षरं शिकलेली नात शेजारी बसली. मी वाचायचं, तिनं ओळीखाली बोट धरायचं.

स्तोत्र 139 होतं. मी आवाज लावला. संपवून पाहतो तर तिचं बोट मागेच.

"आजोबा, चार वचनं राहिली."

राहिली होती. एकोणीस ते बावीस. देवाचं सान्निध्य गाता गाता स्तोत्रकर्ता एकाएकी दुर्जनांवर उलटतो, त्यांचा पुरेपूर द्वेष करतो म्हणून सांगतो, आणि लगेच माझं अंतःकरण तपासून पाहा, अशी विनवणी करतो. मी अठरावरून थेट तेविसाव्यावर उतरलो होतो. डोळ्याला बोल लावावा, तर स्तोत्र तोंडपाठ.

नगरला सुरुवात केल्यापासून वहीत एकतीस पारायणं नोंदलेली आहेत. हा शब्द आमच्या पाळकसाहेबांना खपत नाही, पण मला दुसरा सापडत नाही. अध्याय 1189, रोज तीन, रविवारी पाच. लेवीयातले कोडाचे नियम, इतिहासातल्या वंशावळी, काही सोडलं नाही, हे मी चारचौघांत ऐकवत आलो. वचनांच्या डबीतून रोज एक चिठ्ठी उचलणाऱ्यांना हसलो: डबीतून शाप कधी निघत नाही, हा माझा ठरलेला टोमणा. मंडळीतला एकजण बसमध्ये कानाला यंत्र लावून बायबल ऐकतो. त्याला मी वाचनात धरतच नव्हतो. पण यंत्राला नावडतं वचन नसतं.

व्हॅटिकन परिषदेनंतरच्या कॅथलिक प्रार्थनाग्रंथातून नेमकी हीच चार वचनं गाळली आहेत. 58, 83 आणि 109 ही स्तोत्रं तर अख्खी. पण ते उघडपणे, ठरवून.

अँट्रिमच्या दलदलीत 1914 साली यू झाडाच्या लाकडाच्या, मेण भरलेल्या सहा पाट्या सापडल्या. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वीच्या. आता इथल्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मालकीच्या. त्यांवर लॅटिन स्तोत्रं कोरलेली आहेत, बहुधा शिकवण्यासाठी. आपल्या धूळपाटीसारखंच, पुसायचं नि पुन्हा लिहायचं. मेण पुसायलाही हात लागतो. माझं तेवढ्यावाचून पुसलं गेलं.

अडचण अशी की ती वचनं आली की एक चेहरा येतो. भावकीतला. घराचा दावा चालू होता तेव्हा मी ती दातओठ खाऊन वाचत असे, हे पक्कं आठवतं; बायको आतून म्हणायची, जरा हळू. तो वारला. त्यानंतर कधीतरी जीभ तिथून उडी मारायला शिकली. कधी, ते वहीत नाही.

खरं सांगायचं तर वचनं सुटल्याचं दुःख कमी, नातीनं पकडल्याचं जास्त. मी तिला म्हणालो, "तुझी परीक्षा घेत होतो." तिनं विश्वास ठेवला.

आता 139 आलं की ती चार वचनं तीच वाचते. 'द्वेष'पाशी अडखळते, पुन्हा जुळवते. तेवढा वेळ तो समोर बसून राहतो.

त्या दिवसाची खूण वहीत केलेली आहे. पेन्सिलीनं.