शंभर अश्वशक्तींचा सांभाळ

२००१ साली फियाटने भारतात पॅलिओ आणली, तेव्हा तिच्या सोळाशे सीसीच्या आवृत्तीची योग्यता जाणणारे थोडे होते आणि तिच्या पेट्रोलच्या भुकेबद्दल तक्रार करणारे पुष्कळ होते. ब्राझीलमध्ये १९९६ साली प्रथम रस्त्यावर आलेली, पुढे जोर्जेत्तो जुजारो यांच्या हातून नवे रूप ल्यालेली, आणि ज्या कुर्ल्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअरने आपला मोटारींचा उद्योग उभारला त्याच कुर्ल्यात जुळवली जाणारी ही लहानशी हॅचबॅक सोळा व्हॉल्वच्या, १५९६ सीसीच्या इंजिनातून सुमारे शंभर अश्वशक्ती देत असे. आणि हे अशा काळात, की आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या साठ अश्वशक्तींच्या आतबाहेरच समाधान मानीत होत्या. सचिन तेंडुलकर तिच्या जाहिरातींत दिसत, त्यांच्या नावाने एक मर्यादित आवृत्तीही निघाली. तथापि आपला ग्राहक अखेरीस लिटरमागे किती किलोमीटर पडतात हाच हिशेब मांडतो, आणि त्या हिशेबात ही गाडी नापास झाली. जुन्या गाड्यांच्या बाजारात तिची किंमत उतरली आणि माझ्यासारख्या, पगारात घरखर्च भागवून उरेल तेवढ्यावर वेगाचे वेड जोपासणाऱ्या माणसाच्या आवाक्यात ती आली. पुण्यातल्या माझ्या घरासमोर ती गेली कित्येक वर्षे उभी आहे, आणि यंत्राविषयी जे काही मला कळते त्यातले बहुतेक तिनेच मला शिकवले आहे.

गाडीत फेरफार करण्याची इच्छा ज्याला होते त्याचे लक्ष पहिल्या प्रथम इंजिनाकडे जाते, हे स्वाभाविकच आहे. मोकळा श्वास घेणारा एअर फिल्टर, मोकळा उच्छ्वास सोडणारा सायलेन्सर आणि ईसीयूमधल्या, म्हणजे इंजिनाचा ताबा ठेवणाऱ्या संगणकातल्या, आकड्यांची नवी मांडणी ही त्रयी प्रत्येक उत्साही मालकाला पाठ असते. पण या इंजिनाच्या कर्त्याने ते आकडे जसे ठेवले तसे का ठेवले, हा प्रश्न विचारणारे फार थोडे. त्या कर्त्यासमोर केवळ वेग नव्हता. ब्राझीलच्या, इटलीच्या आणि कुर्ल्याच्या ग्राहकाला एकाच आराखड्याने तृप्त करावे, विदर्भाच्या उन्हाळ्यात आणि भेसळीच्या पेट्रोलवरही यंत्र तगावे, ऑइल बदलण्याची मुदत टळून महिने लोटले तरी बेअरिंगांनी तक्रार करू नये, अशा नाना अटींच्या कचाट्यातून त्याला वाट काढावयाची होती. म्हणून त्याने ठिणगीची वेळ थोडी उशिरा ठेवली, मिश्रण थोडे जाड ठेवले, आणि प्रत्येक ठिकाणी थोडी शिल्लक राखली. फेरफार करणारा माणूस ती शिल्लक आपलीच मालमत्ता समजून खर्ची टाकतो. मग एखाद्या दिवशी भर दुपारी, चार माणसे बसलेली असताना, वरच्या गिअरात घाट चढताना इंजिनातून वाळूचे खडे डब्यात हलवावेत तसा बारीक खडखडाट ऐकू येतो: ठिणगीपासून निघालेली ज्वाला पोचण्याआधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातले मिश्रण स्वतःच्या उष्णतेने पेटलेले असते, आणि पिस्टनवर त्याचा आघात होत असतो. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरले म्हणजे हे भय कमी होते. परंतु महाडच्या पुढे, एखाद्या गावच्या पंपावर, ते मिळेलच असे नाही.

शिवाय टर्बो नसलेल्या इंजिनात या सर्व खटाटोपाने पदरात पडते ते फारच थोडे. हवा ज्या दाबाने आत येते तो वातावरणाचाच दाब. तो कोणाच्या हुकमाने वाढत नाही. सायलेन्सर बदलून आवाज दुप्पट होतो, आणि वाढलेल्या आवाजालाच माणूस वाढलेली ताकद समजतो. माझ्या गाडीचा सायलेन्सर मूळ मापाचाच आहे, आणि रात्री अकराला मी गल्लीत शिरतो तेव्हा शेजारच्या वृद्ध जोडप्याची झोप मोडत नाही, याचे मला मनापासून समाधान वाटते.

ज्या फेरफाराचा मी पुरस्कर्ता आहे तो ब्रेकपासून सुरू होतो. वेग दीडपट झाला की गाडीच्या अंगची गतिज ऊर्जा सव्वादोन पट होते, हे आपण शाळेत शिकलो. पण ताशी साठने उतरणारी गाडी नव्वदने उतरू लागली म्हणजे ती वाढलेली ऊर्जा चार चाकांआड उष्णता होऊनच विरावी लागते, याचा प्रत्यय वरंधा घाटाच्या वळणांवर येतो तसा वहीत येत नाही. त्या उतारावर डिस्क तापते, डिस्कची उष्णता पॅडमध्ये, पॅडची कॅलिपरमध्ये आणि कॅलिपरची ब्रेक ऑइलमध्ये शिरते. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेणारे आहे. डॉट ४ प्रतीचे ताजे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच, पाणी मुरल्यावर, १५५ अंशांवरही उकळू शकते. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि ज्या पेडलवर आपला आणि आपल्या माणसांचा जीव विसंबलेला असतो ते पायाखाली मऊ पडते. कोकणात जा-ये करणाऱ्या गाडीच्या ऑइलात तर दर पावसाळ्यात पाणी मुरणारच. असे असूनही हजारो रुपयांच्या अलॉय चाकांवर खर्च करणारे कित्येक मालक हे काही शे रुपयांचे ऑइल वर्षानुवर्षे बदलीत नाहीत, ही मला अत्यंत खेदाची गोष्ट वाटते.

हे काम आम्ही दोघे मिळून करतो. मी आसनावर आणि मिस्त्री गाडीखाली. नाना पेठेच्या बाजूला त्यांचे गॅरेज आहे, वय सत्तरीकडे झुकलेले, आणि प्रीमिअर पद्मिनीच्या काळापासून फियाटच्या गाड्यांनी त्यांचे हात काळे झालेले. मागच्या डाव्या चाकाआडच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेले असते. खालून हुकूम येतो, "दाबा साहेब." मी पेडल दाबतो. "धरून ठेवा." पाना पाव वळसा फिरतो, पेडल पायाखालून तळाला जाते, आणि मिस्त्रींना नळीतून चहाच्या रंगाचे जुने ऑइल आणि त्यातून धावणारे बुडबुडे दिसतात. निपल पुन्हा आवळला जातो. "आता सोडा." वरच्या टाकीतले ऑइल तळाला जाऊ नये म्हणून मधूनमधून मी उतरून ती भरतो. बुडबुडे थांबतात, रंग फिका होत होत मधासारखा स्वच्छ होतो, मग पुढचे चाक. चारही चाके झाल्यावर पेडलला जो टणकपणा येतो, पाय टेकताच जो ठाम प्रतिकार लागतो, त्याचे सुख मला एखाद्या नव्या कॅमशाफ्टने मिळेल असे वाटत नाही.

ब्रेकनंतर पाळी येते गाडीला रस्त्याशी जोडणाऱ्या अवयवांची. गाडी वीस वर्षांची झाली की लोअर आर्मचे रबरी बुश कडक होऊन त्यांना चिरा जातात, शॉकअब्सॉर्बरमधले तेल थकते, इंजिनाचे माउंटिंग खचते. आणि हे सारे इतक्या संथपणे घडते की रोज चालवणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. तो मनाशी म्हणतो की गाडीच अशी आहे. मग एक दिवस सर्व बुश, चारही शॉकअब्सॉर्बर आणि बॉल जॉइंट नवे बसवून, अलाइनमेंट करून, तो त्याच ओळखीच्या वळणावर येतो, आणि स्टिअरिंगमधून रस्त्याची खडी न् खडी तळहाताला कळू लागते. वास्तविक त्याने काहीच वाढवलेले नसते. कर्त्याने जी गाडी निर्माण केली होती आणि जी काळाने हळूहळू काढून नेली होती, ती फक्त परत आणलेली असते. उत्साही मंडळींच्या संभाषणात या परत आणण्याला फेरफाराइतकी प्रतिष्ठा नाही. माझ्या मते तोच सर्वांत मोठा आणि सर्वांत अवघड फेरफार आहे. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवण्यापूर्वी तिची मूळ बैठक कशी होती हे ज्याने अनुभवलेले नाही, त्याला ती बदलण्याचा अधिकार कशाच्या बळावर मिळाला, हे मला समजत नाही.

या अधिकाराचा विचार कायद्यानेही केला आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणीच्या दाखल्यातील तपशील निर्मात्याने मुळात नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करण्यास मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका कायम केली. उत्साही मंडळींना हे जाचक वाटते. मला ते तसे वाटत नाही. प्रत्येक नव्या नमुन्याची एआरएआयसारख्या संस्थेत रीतसर तपासणी होते. वेताळ टेकडीवरच्या त्या आवारात, १९६६ पासून चालत आलेल्या संस्थेत, गाडीचे ब्रेक, धूर आणि आवाज मापून मगच मंजुरीची शिफारस होते. हे सर्व एका मालकाच्या लहरीने रद्दबातल व्हावे, आणि त्याचा धोका समोरून येणाऱ्या, कशाचीही कल्पना नसलेल्या दुचाकीस्वाराने सोसावा, हे न्याय्य नव्हे. माझी हरकत आहे ती एवढीच की जिथे सुरक्षितता वाढते अशा बदलांसाठी सोपी तपासणी आणि रीतसर परवाना यांची तजवीज आपल्याकडे असावयास हवी होती. ती नसल्यामुळे चांगला ब्रेक बसवणारा आणि कर्णकर्कश सायलेन्सर बसवणारा असे दोघेही दप्तराच्या दृष्टीने सारखेच संशयित ठरतात.

पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि ही नोंदणी पाच वर्षांपुरतीच असते. तिचे शुल्क २०२२ साली सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. मी ते भरतो, आणि तपासणीच्या दिवशी गाडी धुऊन, दिव्यांची उंची साधून, धुराचा दाखला घेऊन रांगेत उभा राहतो, कारण ज्या वस्तूवर आपण प्रेमाचा दावा सांगतो ती सरकारी मुलाहिज्यासमोर निर्दोष उभी करता येणे ही त्या प्रेमाची किमान कसोटी आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल आल्यापासून जुन्या रबरी नळ्यांची चिंता नव्याने वाढली आहे. इथेनॉल काही जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते वा ठिसूळ करते, आणि तापलेल्या इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल ही कल्पनाही भयंकर आहे. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या मी बदलून घेतल्या. गाडी यामुळे तिळभरही जलद झाली नाही, आणि बॉनेट उघडून पाहणाऱ्या कोणाच्याही नजरेत हा फेरफार भरणार नाही.

फियाटच्या मोटारींची विक्री आपल्याकडे बंद झाल्याला काही वर्षे झाली, आणि तेव्हापासून सुट्या भागांचा शोध हा या छंदाचा जवळजवळ अर्धा भाग होऊन बसला आहे. टायमिंग बेल्ट मिळाला तर ताण देणारा टेन्शनर मिळत नाही. आणि हा पट्टा असा की तो धावेत तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व यांची गाठ पडून हेडची वाताहत होते, तेव्हा जुन्या टेन्शनरवर नवा बेल्ट चढवणे म्हणजे आपणच अनर्थाला आमंत्रण देणे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत, धुळकटलेल्या खोक्यांच्या राशीतून, मूळ वेष्टनातला टेन्शनर एका वयस्क दुकानदाराने मला काढून दिला, तेव्हा त्याने बेअरिंग कानाशी धरून फिरवले, मग माझ्या कानाशी धरले, आणि आवाज येत नाही याची माझ्याकडून कबुली घेतल्यावरच किंमत सांगितली. ज्या उपनगरात ही गाडी जन्मली त्याच उपनगरात तिचा अवयव मिळावा, याने मी हरखून गेलो.

या देशात वेगाची परंपरा नाही असे म्हणणाऱ्यांना चेन्नईजवळच्या शोलावरमची आठवण करून द्यावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर तिथे कित्येक दशके शर्यती झाल्या, आणि त्यांत याच देशाच्या रस्त्यांवरच्या साध्यासुध्या गाड्या, मालकांनी आणि मिस्त्रींनी स्वहस्ते तयार केलेल्या, धावत असत. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी तर मारुती आठशेचे इंजिन घेऊन एका आसनाच्या शर्यतीच्या गाड्या घडवल्या. १९९५ साली विमान अपघातात त्यांचा अंत झाला, आणि आज त्यांच्या नावाचा रेस ट्रॅक त्याच शहराजवळ उभा आहे. जे हाताशी आहे त्याचा कस लावणे आणि तो कस बंदिस्त धावपट्टीवरच आजमावणे, ही शिस्त मला त्या लोकांकडून घ्यावीशी वाटते. आमच्या नव्या द्रुतगती मार्गांवर मध्यरात्री जे चालते त्याला मी छंद म्हणावयास तयार नाही.

स्नेह्यांपैकी काहीजण मला टर्बो बसवण्याचा आग्रह करतात. एकाने तर दुसऱ्या कंपनीचे अधिक ताकदीचे इंजिनच या बॉनेटखाली घालावे असा सल्ला दिला. पैशांची तजवीज कदाचित होईलही. परंतु त्या इंजिनाबरोबर गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, रेडिएटर आणि पुन्हा ब्रेक, असे एकेक करून सर्वच बदलावे लागेल, नोंदणीच्या दाखल्यावरचा इंजिन क्रमांक खोटा ठरेल, आणि अखेर जी वस्तू उरेल ती पॅलिओ नसेल. मला पॅलिओच हवी आहे. तिच्या इंजिनाने आता थोडे ऑइल खावयास सुरुवात केली आहे. प्लगच्या टोकांवर कॉफीच्या रंगाऐवजी काजळी दिसू लागली आहे, आणि एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतर तिघांपेक्षा कमी भरते. पावसाळा संपला की हेड उतरवावे लागणार. रिंगा, व्हॉल्वचे सील, हेड गॅस्केट ही सामग्री जमली आहे. त्या वेळी हेडमधले पोर्ट आणि मॅनिफोल्ड यांच्या सांध्यावर ओतकामाचे जे कंगोरे राहिले आहेत ते घासून गॅस्केटशी जुळवून घेण्यास मिस्त्रींनी संमती दिली आहे. ओतशाळेच्या घाईत जे काम अर्धवट राहिले तेवढे पुरे करण्यास मूळ कर्त्याचीही हरकत नसावी, असे आम्हा दोघांचे मत पडले आहे. आणि बोअर कंपनीच्या मापाचाच राहणार आहे.