त्रिनिदादच्या बोलीतले लंडन

पुणे

चि. ऋत्विक,

'द लोनली लंडनर्स' ही कादंबरी १९५६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिचे लेखक सॅम्युअल सेल्व्हन त्रिनिदादहून तिथे आले, त्याला तेव्हा सहा वर्षे झाली होती. हल्ली तू राहतोस त्याच बेजवॉटर भागातल्या भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कॅरिबियन कामगारांची ही कथा आहे. बाहेरून आलेल्या माणसाने आपली बोली न टाकता एका मोठ्या शहरावर लेखक म्हणून हक्क सांगितला, हे या पुस्तकाचे मोठेपण. त्यामागे सेल्व्हन यांचे सगळे आयुष्य आहे आणि त्या आयुष्यामागे भारतातून गेलेल्या मजुरांचा इतिहास.

ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी संपल्यावर त्रिनिदादच्या ऊसमळ्यांना मजूर कमी पडू लागले. ती उणीव भरून काढण्यासाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले गेले. पहिले जहाज, 'फतेल रझाक', मे १८४५ मध्ये तिथे पोचले. १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० भारतीय त्या एका बेटावर उतरले. बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे होते, काही मद्रासकडचे. करार संपल्यावर बरेचसे तिथेच राहिले.

सेल्व्हन यांचा जन्म २० मे १९२३ रोजी दक्षिण त्रिनिदादमधल्या सॅन फर्नांडो येथे झाला. वडील मूळचे मद्रासकडचे. आईचे वडील स्कॉटिश, तर आईची आई भारतीय. घरची स्थिती बेताची होती. नापरिमा कॉलेजात शिकून ते लवकरच नोकरीला लागले. भारतीय, आफ्रिकी, चिनी आणि युरोपीय वंशाची मुले एकत्र वाढत होती त्या गावात तेही वाढले. हिंदी भाषा किंवा धार्मिक संस्कार यांच्यापेक्षा गल्लीतली मिश्र बोली आणि कॅलिप्सो गाणी त्यांना जवळची होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी शाही नौदलाच्या राखीव दलात बिनतारी संदेशवाहकाचे काम केले. समुद्रावरच्या त्या मोकळ्या वेळातच ते लिहू लागले. युद्धानंतर पोर्ट ऑफ स्पेनमध्ये 'त्रिनिदाद गार्डियन' वृत्तपत्रात त्यांनी नोकरी धरली आणि त्याच्या साप्ताहिकाचा वाङ्मयीन भाग सांभाळला. त्यांच्या कथा बीबीसीच्या 'कॅरिबियन व्हॉइसेस' या कार्यक्रमातून प्रसारित होऊ लागल्या. बेटांवर पुस्तके छापणारे प्रकाशक जवळपास नव्हतेच. लेखकाला लंडनचाच रस्ता धरावा लागे.

१९५० साली सेल्व्हन बोटीने इंग्लंडला निघाले. त्याच बोटीवर बार्बाडोसचे तरुण लेखक जॉर्ज लॅमिंग होते. एकाच छोट्या टाइपरायटरवर दोघांचेही लेखन चाले. लंडनमध्ये सेल्व्हन यांना भारतीय उच्चायुक्तालयात कारकुनी मिळाली. पहिली कादंबरी 'अ ब्रायटर सन' १९५२ मध्ये आली. पुढे क्षयाच्या आजाराने त्यांना बराच काळ रुग्णालयात काढावा लागला. त्यानंतर नोकरी सुटली आणि लेखन हाच त्यांचा व्यवसाय झाला.

'अ ब्रायटर सन'चा नायक टायगर हा सोळा वर्षांचा मुलगा. चगुआनासमध्ये मोठ्या माणसांनी ठरवलेल्या ऊर्मिलाशी त्याचे लग्न होते आणि दोघे बराटारियात वेगळा संसार मांडतात. शेजारी जो आणि रीटा हे आफ्रिकी वंशाचे जोडपे. काळ महायुद्धाचा, अमेरिकी सैन्यासाठी नवा महामार्ग होतो आहे आणि त्याच्या आखणीत भाजीचे मळे जात आहेत. टायगर जिद्दीने वाचायला शिकतो. ऊर्मिलाचा जीव धोक्यात असताना तो पावसात रात्री शहरात डॉक्टर शोधत फिरतो. एक भारतीय आणि एक कृष्णवर्णीय डॉक्टर यायला नकार देतात. येतो तो गोरा डॉक्टर. या प्रसंगात सेल्व्हन कोणत्याही एका समाजाला झुकते माप देत नाहीत. आपला माणूस आपल्यासाठी धावेलच, हा टायगरचा विश्वास मात्र कायमचा हलतो.

ब्रिटनमधली परिस्थिती याच सुमारास बदलत होती. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतल्या लोकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्क दिला होता. त्याच वर्षी जूनमध्ये कॅरिबियन प्रवाशांना घेऊन 'एम्पायर विंड्रश' बोट लंडनजवळ टिलबरीला लागली. युद्धाने थकलेल्या देशाला रेल्वे, बस, रुग्णालये आणि कारखाने चालवायला हात हवे होते. काम मिळे, पण घर मिळणे कठीण. वर्णावरून खोली नाकारणे तेव्हा बेकायदा नव्हते. त्यामुळे बेजवॉटर, नॉटिंग हिल, ब्रिक्स्टन अशा भागांतल्या जुन्या, पडक्या घरांत एकेका खोलीत लोक दाटीने राहत.

'द लोनली लंडनर्स'ची सुरुवात हिवाळ्यातल्या धुकट संध्याकाळी होते. कादंबरीचा नायक मोझेस हा चेपस्टो रोड आणि वेस्टबोर्न ग्रोव्हच्या कोपऱ्यावर ४६ नंबरची बस पकडतो आणि त्रिनिदादहून येणाऱ्या एका अनोळखी माणसाला उतरवून घ्यायला वॉटर्लू स्टेशनवर जातो. हा पाहुणा, हेन्री ऑलिव्हर, कडाक्याच्या थंडीत पातळ सूट घालून उतरतो; सामान काहीच नाही. मोझेस त्याचे नाव ठेवतो 'सर गॅलहॅड'. कादंबरीला एकसलग कथानक नाही. नोकरीच्या रांगा, उसनवारी आणि रविवारी सकाळी मोझेसच्या खोलीत जमणारी मंडळी यांतून ती पुढे सरकते. उपासमारीच्या दिवसांत गॅलहॅड बागेतले कबूतर पकडून शिजवतो. जमैकाहून आलेली टँटी हॅरो रोडजवळच्या वाण्याला कामगारांसाठी उधारीची वही उघडायला लावते; आठवडाभर माल न्यायचा आणि शुक्रवारी पगार झाला की पैसे चुकते करायचे. तिने आपल्या बेटावरचा व्यवहार लंडनच्या दुकानात रुजवला. शेवटी दहा वर्षे या शहरात काढलेला मोझेस थेम्सकाठी उभा राहून या सगळ्याचा हिशेब मनाशी मांडतो; हसण्याखालचे एकाकीपण तिथे उघडे पडते.

पुस्तक सुरू केले तेव्हा सेल्व्हन यांनी संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण इंग्रजीत ठेवले होते. ते पुढे सरकेना. मग त्यांनी निवेदनही त्रिनिदादच्या बोलीच्या वळणाने लिहायला घेतले आणि कादंबरी सुमारे सहा महिन्यांत पूर्ण झाली. ही बोली त्यांनी जशीच्या तशी उतरवली नाही. बेटाबाहेरच्या वाचकालाही कळावी अशी ती घडवली. लय आणि वाक्यरचना मात्र तिथलीच ठेवली. लंडनच्या उन्हाळ्याचे वर्णन तर विरामचिन्हांशिवाय अनेक पाने सलग वाहते. तोवर वसाहतींवरच्या लेखनात बोली बहुधा पात्रांच्या तोंडी असे आणि तिचा उपयोग त्यांचे अडाणीपण दाखवण्यासाठी होई. सेल्व्हन यांनी तिला निवेदकाचा अधिकार दिला. त्यामुळे पात्रे आणि लेखक एकाच पातळीवर आले आणि इंग्रजांची राजधानी त्रिनिदादकरांच्या नजरेने वर्णिली गेली.

'वेज ऑफ सनलाइट' (१९५७) या कथासंग्रहात अर्ध्या कथा त्रिनिदादच्या, अर्ध्या लंडनच्या आहेत. 'टर्न अगेन टायगर' (१९५८) मध्ये टायगर पुन्हा उसाच्या मळ्यात जातो आणि पूर्वजांच्या मजुरीच्या आठवणीला सामोरा जातो. त्याच वर्षी नॉटिंग हिलमध्ये वांशिक दंगली झाल्या. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध आले. या बदललेल्या हवेत 'मोझेस असेंडिंग' (१९७५) लिहिली गेली. तिच्यात मोझेस स्वतःच पडक्या घराचा मालक होतो आणि भाडेकरूंचे प्रश्न त्याला वरच्या मजल्यावरून दिसू लागतात. होरेस ओव्हे यांच्याबरोबर सेल्व्हन यांनी 'प्रेशर' या चित्रपटाची पटकथाही लिहिली. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने ब्रिटनमध्ये केलेला तो पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट मानला जातो.

१९७८ मध्ये सेल्व्हन कॅनडातल्या कॅलगरीला गेले. तिथे त्यांची फारशी ओळख नव्हती. कॅलगरी विद्यापीठात त्यांनी काही महिने सफाई कामगाराची नोकरी केली. पुढे त्याच विद्यापीठाने त्यांना निवासी लेखक म्हणून नेमले. 'मोझेस मायग्रेटिंग' (१९८३) या मोझेसवरच्या तिसऱ्या पुस्तकात तो कार्निव्हलसाठी त्रिनिदादला जातो, पण ब्रिटनवरची निष्ठा त्याला सोडवत नाही. त्रिनिदादच्या भेटीवर असताना १६ एप्रिल १९९४ रोजी सेल्व्हन यांचे तिथेच निधन झाले. ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय लेखकांच्या पुढच्या पिढ्या त्यांना आपला पूर्वसूरी मानतात आणि 'द लोनली लंडनर्स' आज पेंग्विनच्या आधुनिक अभिजात मालेत आहे.

वाचायचे तर आधी 'अ ब्रायटर सन' घे, म्हणजे ही माणसे कुठून आली ते कळेल. 'द लोनली लंडनर्स' त्यानंतर, आणि मोठ्याने वाच. पहिल्या दहा पानांत त्या बोलीची लय कानात बसते.

तुझी,
मावशी