आज किती उदाहरणं झाली?

मी संगमनेर तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. आमच्याकडे हुशार मुलगा म्हणजे फळ्यावर उदाहरण लिहून व्हायच्या आत उत्तर सांगणारा. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या परीक्षांसाठी हा वेग लागतोच. पण ऑलिम्पियाडची तयारी करणारी मुलं जवळून पाहिली, तेव्हा हुशारीची वेगळीच तऱ्हा दिसली.

आठवीतल्या दोघांना घेऊन मी काही रविवारी पुण्याला जायचो. पहाटेची एसटी, आळेफाट्याला चहा, पुढे नारायणगाव, राजगुरुनगर. डॉ. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात ऑलिम्पियाडचा वर्ग असायचा. मी मागच्या बाकावर.

एकदा सरांनी फळ्यावर १ ते १० आकडे मांडले. कोणतेही दोन पुसायचे, त्यांच्या जागी त्यांच्यातला फरक लिहायचा. असं करत शेवटी एकच संख्या उरेल. ती शून्य असू शकेल का?

माझे दोघे लगेच पुसापुशीला लागले. कधी १ उरे, कधी ३, कधी ५. शून्य काही येईना. शेजारची मुलगी मात्र बराच वेळ नुसती बघत होती. आधी तिने उलटा विचार केला: शेवटी शून्य हवं, तर त्याआधीच्या दोन संख्या सारख्या हव्यात. तिथून वाट फुटेना, म्हणून ते खोडलं. मग दहाचा नाद सोडून तिने लहान आकडे घेतले. १, २ घेतले तर १ उरतो. तीनपर्यंत घेतले तर ० किंवा २. चारपर्यंत सम, पाचपर्यंत विषम. मग तिने बेरजा मांडल्या: ३, ६, १०, १५. बेरीज विषम तिथे शेवटही विषम!

पण एवढ्यावर ती थांबली नाही. असं का, हे शोधलं. ८ आणि ३ पुसून ५ लिहिले, की बेरीज ११ वरून ५ वर येते, म्हणजे ६ ने घटते. लहान संख्येच्या बरोबर दुप्पट. घट नेहमी सम, म्हणून बेरजेचा सम-विषमपणा बदलत नाही. १ ते १० ची बेरीज ५५. म्हणून शून्य अशक्य.

परतताना माझा विद्यार्थी म्हणाला, “सर, तिला सुचलं कसं?” मी म्हटलं, “तिची कच्ची पानं बघितलीस का? सुचण्याआधी तिने किती खोडलं होतं!” लहान करून बघायचं, उलटं चालून बघायचं, सगळं बदलताना काय बदलत नाही ते हुडकायचं. ही सवय आहे, आणि सवय संगमनेरातही लावता येते.

ऑलिम्पियाडच्या पहिल्या चाळणीत, म्हणजे आयओक्यूएम या परीक्षेत, तीन तासांत ३० प्रश्न असतात आणि नुसतं उत्तर पुरतं. त्यापुढे मात्र पूर्ण सिद्धता लिहावी लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर दिवसाला तीनच प्रश्न आणि वेळ साडेचार तास. २०२४ साली ब्रिटनमधल्या बाथला भारताने चार सुवर्णपदकांसह चौथा क्रमांक मिळवला. तिथे पोचणाऱ्या मुलांना न सुटलेल्या प्रश्नासोबत बसायचा कंटाळा नसतो.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर मी एकच प्रश्न देतो आणि उत्तर पुढच्या शनिवारपर्यंत सांगत नाही. पालक विचारतात, “सर, आज किती उदाहरणं झाली?”

मी सांगतो, “एक. तेही अर्धंच.”