जरा सरकून घ्या

पुणे-लोणावळा लोकलचा बाक तिघांचा. चौथा येतो, बाकाच्या टोकाकडे बघतो आणि म्हणतो, "जरा सरकून घ्या." तिघं अंग चोरतात आणि चौथा अर्धा बाकावर, अर्धा अधांतरी टेकतो. याचं श्रेय आपण माणुसकीला देतो. भाषेचा अभ्यासक म्हणून मी ते आधी व्याकरणाला देईन. मराठीत संयुक्त क्रियापदात 'देणे' आलं की काम दुसऱ्यासाठी होतं, 'घेणे' आलं की स्वतःसाठी: पत्र लिहून दे, पत्ता लिहून घे. इथे सरकण्याचा फायदा सगळा उभ्या माणसाचा, पण क्रियापद मात्र 'घ्या'. जणू बसलेल्यांनीच आपली सोय करून घ्यावी! 'जागा द्या' म्हटलं असतं तर मागणारा याचक झाला असता आणि बसलेले दाते. 'सरकून घ्या'मध्ये कुणीच कुणाचं देणं लागत नाही.

दुसरं वाक्य, "कुठं उतरणार?" हा चौकसपणा नव्हे, ते जागेचं आरक्षण आहे. उत्तर "तळेगाव" आलं की विचारणारा तिथेच पाय रोवतो आणि बाकीचे उभे प्रवासी त्याचा हक्क मानतात. 'उतरणार' या रूपाला लिंग नाही, वचन नाही. पुढचं 'आहेस' किंवा 'आहात' गाळलं की समोरच्याला तू म्हणायचं की तुम्ही, हा अनोळखी माणसापुढचा सगळ्यात अवघड निर्णयही टळतो. 1978 पासून धावणाऱ्या या गाडीला पुण्यापासून लोणावळ्यापर्यंत 17 स्थानकं आहेत. दर काही मिनिटांनी माणसं बदलणाऱ्या डब्यात असं काटकसरीचं वाक्यच टिकतं.

तयार वाक्य हाताशी नसेल तर काय होतं, ते न्यूयॉर्कमध्ये दिसलं आहे. 1970च्या दशकात स्टॅन्ली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांना भुयारी रेल्वेत पाठवून, काही कारण न देता, बसलेल्यांकडे थेट जागा मागायला लावली. सुमारे 68 टक्के वेळा जागा मिळाली. 'उभ्याने पुस्तक वाचता येत नाही' असं फुटकळ कारण जोडल्यावर प्रमाण 42 टक्क्यांवर घसरलं. पण हाल झाले ते मागणाऱ्यांचे: घसा कोरडा पडला, शब्द फुटेनात. तिथे अख्खी जागा मागितली होती, इथे चतकोर. तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. तरी विनंतीचं ओझं मागणाऱ्यावर किती पडतं ते यातून कळतं, आणि ते ओझं इथे 'घ्या' उचलतं.

यावर पहिला आक्षेप पावसाळ्यातल्या रविवारचा. लोणावळ्याजवळच्या भुशी धरणावर निघालेल्या गर्दीत ही वाक्यं कुठे ऐकू येतात? फारशी येत नाहीत, कारण ती गर्दी टोळ्यांची असते. आठ जणांच्या घोळक्याला नववा दिसतच नाही. (ते धरण मुळात रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेलं, आता रेल्वे तिथे माणसं भिजायला नेते.) अनोळख्यांची भाषा एकट्या माणसाला लागते, म्हणून ती सोमवारी पासधारकांबरोबर परत येते.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. ही भाषा समतेची असेल तर एकाच वयाच्या दोन बायकांपैकी पाटीवाली 'मावशी' आणि पर्सवाली 'मॅडम' का होते? इथे माझ्याकडे बचाव नाही. क्रियापदाने टाळलेली उतरंड संबोधनातून परत डब्यात चढते. 'मावशी'त माया असते हे खरं, पण त्या मायेत "पाटी बाकाखाली सरकवा" हे हुकमासारखं म्हणायची मुभाही असते, आणि 'मॅडम'ची बॅग बाकावर राहते. 'सरकून घ्या'चं सामर्थ्य मी मानतो, तशी त्याची हद्दही. हाक मारायची गरज नसते तोवरच ते सगळ्यांना सारखं लागू पडतं.

मोबाईलने हे सगळं संपवलं, असंही म्हणतात. मला तसं दिसत नाही. कानात बोंडं घातलेल्या मुलासमोर आता दोन बोटं दाराच्या दिशेने हलतात आणि भुवया वर जातात. तो एक बोंड काढतो, "कामशेत" म्हणतो, बोंड परत कानात. विचारणारा पिशवी त्याच्या गुडघ्यापाशी टेकवतो.