जुन्या खांबाचा ताठरपणा

पुलाचं रुंदीकरण म्हणजे जुन्या पुलाच्या कडेला नवे खांब उभे करायचे, तुळया टाकायच्या, मधला सांधा काँक्रीटने भरायचा आणि दोनाच्या चार लेन करायच्या, असं बहुतेकांना वाटतं. वाहनांच्या भारापुरतं ते खरंही आहे. नवा भाग आपला भार आपल्या खांबांवर घेतो, जुना आपल्या. भूकंपाचा धक्का मात्र आडवा येतो, आणि ही वाटणी तिथेच मोडते.

माझी बरीचशी कामं पाटण-चिपळूण पट्ट्यातली. ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप इथल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून निघतो. त्याआधी दख्खनचं पठार स्थिर मानलं जाई. कोयना धरणाच्या संकल्पनात भूकंपाचं आडवं बल वजनाच्या फक्त ५ टक्के धरलं होतं. धरणातल्या यंत्राने प्रवाहाच्या दिशेने नोंदवलेलं कमाल त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मं निघालं. धरण टिकलं, पण उंच भागांत तडे गेले ते नेमके जिथे त्याचा उतार एकाएकी बदलतो तिथे. १९७०मध्ये भूकंपक्षेत्रांचा नकाशा बदलला आणि हा परिसर जास्त धोक्याच्या चौथ्या क्षेत्रात आला. त्यामुळे रुंदीकरणाला पूल हाती आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: बांधकाम सदुसष्टच्या आधीचं की नंतरचं?

जुने नकाशे क्वचितच मिळतात. मग खांबाचं कव्हर, म्हणजे सळ्यांवरचा काँक्रीटचा थर, थोडं फोडून आत बघायचं. उभ्या सळ्या बऱ्याचदा ठीक असतात. खरी परीक्षा त्यांना वेढणाऱ्या रिंगांची. जुन्या खांबात त्या लांबलांब आणि हूक नव्वद अंशांत वळवलेले. जोराचे हेलकावे बसले की कव्हर सुटतं, हूक उघडतात आणि आतलं काँक्रीट धरून ठेवायला काही उरत नाही. आजच्या खांबात रिंगा जवळजवळ असतात, हूक १३५ अंशांत आत वळवलेले. तो वाकतो, तडकतो, पण भार सोडत नाही.

म्हणून नवा भाग जुन्याला सांभाळून घेईल, असं समजलं जातं. होतं उलटं. आडवं बल ताकद बघून वाटलं जात नाही, ताठरपणा बघून वाटलं जातं. जुने खांब बहुधा भिंतीसारखे रुंद, नवे गोल आणि सडपातळ. त्यात घाटातलं पात्र तिरपं: डोंगराकडचा खांब आखूड, दरीकडचा उंच. बाकी सारं सारखं असेल तर निम्म्या उंचीचा खांब आठपट ताठर होतो. स्लॅब एकजीव केला की नव्या भागाच्या वजनामुळे उठणारं बलही त्या जुन्या, सैल रिंगांच्या खांबावर जाऊन बसतं.

माझं मत यात पक्कं आहे: जुने खांब आणि पाया मजबूत करायचे नसतील तर दोन्ही भाग वेगळेच ठेवावेत, आणि मधली फट दोघांच्या डोलण्याला पुरेल एवढी असावी. ही फट कोणालाच आवडत नाही. ती गळते, तिच्यात दुचाकीचं चाक अडकू शकतं, तिची निगा राखावी लागते. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांवर चांगला जॉइंट बसवणं हा उपाय आहे, जुन्या खांबावर दुप्पट बल लादणं नव्हे. जोडायचंच असेल तर आधी खांबांना जॅकेटिंग करावं, म्हणजे भोवती नवं आवरण चढवावं, आणि जॅकेटने ताठरपणा वाढतो म्हणून पायाही पुन्हा तपासावा. सांधाही घाईने भरू नये. नवं काँक्रीट आकसतं, नवा पाया थोडा बसतो, ते आधी होऊ द्यावं.

राहिला टेकू, म्हणजे खांबाच्या माथ्यावर तुळई टेकते ती बैठक. १९८९च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजचा एक गाळा खाली आला, तो तुळया कच्च्या होत्या म्हणून नव्हे. बोल्ट तुटले आणि टेकू अगदी तोकडा होता. रुंदीकरणात जुना डेक जॅकवर उचलून बेअरिंग बदलण्याचं काम अनेकदा असतंच. त्याच वेळी खांबाच्या माथ्यावरची बैठक रुंद करून घ्यावी, तुळया बाजूला सरकू नयेत म्हणून काँक्रीटचे ठोकळे बांधावेत. एकूण खर्चात हे काम छोटं असतं, पण चार लेन सुरू झाल्यावर त्यासाठी कोणी वाहतूक थांबवू देत नाही.