जिल्ह्याच्या दप्तरातून निसटलेलं

दवंडी. कोतवाल गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हलगीवर थाप मारायचा आणि ओरडायचा, "उद्या चावडीवर वसुली हाय होऽऽ!" आता नोटीस व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते. ज्या म्हातारीकडे मोबाइल नाही, तिला शेजारीण सांगेल तेव्हा कळतं.

कोतवाल आता महसूल सेवक झाला. तलाठी 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी. गावातली जुनी माणसं मात्र अजून 'पटवारी' म्हणूनच त्याला हाक मारतात.

जुना मोठा परभणी जिल्हा. 1981 साली परतूर जालन्यात गेलं. 1 मे 1999 ला हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ वेगळे झाले. 2011 च्या जनगणनेत परभणीत 18,36,086 माणसं, हिंगोलीत 11,77,345. एकत्र राहिला असता तर तीस लाखांचा जिल्हा. औंढ्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी आता परभणी गाठावी लागत नाही, हे चांगलंच झालं. पण तिकडच्या कित्येकांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मगावापुढे 'जि. परभणी' आहे आणि प्रत्येक नव्या अर्जाला ते समजावून सांगावं लागतं.

बेचिराख गावं. शिवार आहे, गट नंबर आहेत, सातबारा निघतो, वस्ती शून्य.

मिश्र पिकाचे रकाने. गाव नमुना बारामध्ये ते असायचे. ज्वारीत तुरीचं तास, कडेला अंबाडी, मधे मूग, असं सगळं तिथे लिहिलं जायचं. 'परभणी मोती' ही ज्वारी इथल्याच कृषी विद्यापीठानं दिली, आणि इथल्याच बांधावर आता नजर पोचेल तिथवर सोयाबीन. ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोटो काढतो.

आणि खासरा पत्रक. साल 1954-55. निजामी राजवट जाऊन सहा-सात वर्षं झालेली, जिल्हा अजून हैदराबाद राज्यात. कोणाची जमीन, कसतो कोण, ताबा कोणाचा, हे सर्व्हे नंबरनिहाय टिपलेलं. मराठवाड्यात जमिनीचा कोणताही जुना वाद निघाला की वकील पहिल्यांदा हेच मागतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात कापडी बस्त्याची गाठ सोडली की पिवळं पान समोर येतं. घडीवर विरलेलं, कडेला भुगा होणारं, शाई तपकिरी झालेली. त्याच्याही मागचे कागद उर्दूत नाहीतर मोडीत. साल फसली, त्यात साधारण 590 मिळवायचे तेव्हा इसवी सन हाती येतो.

2023 साली न्या. संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मराठवाडाभर असे बस्ते सुटले. कागद होते, वाचणारे शोधावे लागले. एका नोंदीवर घराण्यातल्या पोरांचा जातीचा दाखला ठरतो, आणि ती नोंद वाचता येणारी माणसं म्हातारी होत चालली आहेत. कागद स्कॅन होतील, व्हायलाच हवेत. पण स्कॅन केलेली मोडी ही मोडीच असते. परभणी, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, प्रत्येक तहसिलीत दोन तरी तरुण मुलामुलींना मोडी आणि शिकस्ता वळणाची उर्दू शिकवून पगारावर बसवावं, आणि तेही या जुन्या वाचकांचे हात लिहिते आहेत तोवर.